वाचकांचे प्रश्न : चक्कर नेमकी केव्हा येते?

प्रश्न : वय ५४. तीन आठवडे झाले, पहाटे उजव्या कुशीवर वळलं की सगळी खोली गरगर फिरते, मळमळतं. माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली तरी तेच. अर्ध्या मिनिटात थांबतं. एक्स-रे पाहून ‘मानेचे मणके झिजलेत’ म्हणाले, पट्टा आणि चक्करच्या गोळ्या दिल्या. फरक शून्य. ही लकव्याची सुरुवात तर नसेल? – गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : कुशीवर वळताना, वर पाहताना आणि मिनिटभराच्या आत थांबणारी चक्कर बहुतेक वेळा कानातली असते. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण एका चिकट थरावर बसलेले असतात. ते सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत घरंगळले, की डोकं वळताच नळीतला द्रव हलतो आणि आपण फिरतोय असा चुकीचा निरोप मेंदूला जातो. या दुखण्याला बीपीपीव्ही म्हणतात. मणक्यांची झीज पन्नाशीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते. तेवढ्यावरून चक्करचा दोष मानेला देणं चूक आहे.

गोळ्यांनी कण जागचे हलत नाहीत. मळमळ असह्य असेल तर दोन-तीन दिवस घ्याव्यात, पुढे नको. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिनसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहिल्या तर उतारवयात हातांना कंप सुटतो, अंग ताठरतं.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि डिक्स-हॉलपाइक चाचणी करून मागा. मान ४५ अंश वळवून तुम्हाला झटकन मागे झोपवतात आणि डोळ्यांकडे पाहतात. बुबुळं काही क्षण फिरल्यासारखी थरथरली, की कान कोणता तेही कळतं. त्यावर उपाय म्हणजे नळीतले कण बाहेर काढणारी, डॉ. एप्ली यांची पद्धत. उजव्या कानासाठी ती अशी :

पलंगावर पाय लांब करून बसा. मागे उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्यांखाली येईल. मान उजवीकडे ४५ अंश वळवा आणि तशीच ठेवून मागे झोपा. डोकं खांद्यांपेक्षा थोडं खाली गेलं पाहिजे. गरगर सुरू होईल, घाबरू नका. ती थांबल्यावरही ३० सेकंद तसंच राहा. आता डोकं न उचलता ९० अंश डावीकडे वळवा आणि पुन्हा तेवढंच थांबा. मग मान तशीच ठेवून अख्खं अंग डाव्या कुशीवर घ्या, नाक जमिनीकडे. पुन्हा थांबा. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून डावीकडे पाय सोडून उठून बसा आणि दहा मिनिटं बसूनच राहा.

पहिल्यांदा हे डॉक्टरांसमोर करा, कारण घरी दोनच गोष्टी हमखास बिघडतात. एक, मधेच डोकं उचललं जातं आणि कण परत मागे जातात. दोन, उशी डोक्याखाली येते, मग डोकं खाली झुकतच नाही. दोन्ही कुशींवर सारखंच गरगरत असेल तर कण बहुधा कानातल्या दुसऱ्या, आडव्या नळीत असतात, तिथे ही पद्धत चालत नाही, वेगळी आहे. मानेचं ऑपरेशन झालं असेल किंवा डोळ्याचा पडदा सुटला असेल तर ते आधी सांगा. ही पद्धत केल्यावर रात्री बसून झोपण्याची गरज नाही.

लकव्याबद्दल : चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, चेहरा वाकडा झाला, हातपाय बधिर किंवा लुळे पडले, किंवा धरूनही उभं राहता येईना, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर तेही त्याच दिवशी दाखवा. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही.

प्रश्न : वय ४१. जानेवारीत कानाच्या नसेला सूज येऊन आठवडाभर पडून होतो. गरगरणं गेलं, पण पाच महिने झाले, होडीत उभा असल्यासारखं हलतं. मॉलमध्ये, रेल्वेच्या जिन्यावर, मोबाइल वर-खाली सरकवताना वाढतं. एमआरआय नॉर्मल. सगळे म्हणतात, मनाचे खेळ. – पुणे

उत्तर : मनाचे खेळ नाहीत. या आजाराला पीपीपीडी म्हणतात आणि चक्कर आणि तोलाच्या विकारांवर काम करणाऱ्या बारानी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये त्याचे निकष ठरवले. तीन महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस डुलल्यासारखं वाटणं. उभं राहिल्यावर, हालचालीने आणि गजबजलेल्या दृश्याने ते वाढणं. कान बिघडला असताना मेंदूने डोळ्यांवर जास्त भरवसा ठेवायला आणि अंग ताठ धरायला सुरुवात केली. कान सावरला, सवय मात्र गेली नाही. चालताना भिंत धरणं, मान न हलवणं यांनी ती पक्कीच होते.

म्हणून रोज मान हलवायची. भिंतीवरच्या कालनिर्णयमधली एक मोठी तारीख डोळ्यांच्या रेषेत येईल असं हातभर अंतरावर उभे राहा. नजर तारखेवर, डोकं डावी-उजवीकडे साधारण २० अंश. आकडा स्पष्ट दिसेल इतकाच वेग ठेवा. तो नाचायला लागला की हळू करा. आधी ३० सेकंद, पुढे एक मिनिट, दिवसातून तीनदा. मग तेच वर-खाली. थोडं डुलल्यासारखं व्हायलाच हवं, त्याशिवाय मेंदू शिकत नाही. ते १५-२० मिनिटांत शमलं तर मात्रा बरोबर. तासन्‌तास टिकलं तर वेळ निम्मी करा. काहीच झालं नाही तर वेग वाढवा.

जोडीला रोज २० मिनिटं चाला. भाजी मंडईत आधी मोकळ्या वेळी पाच मिनिटं, मग गर्दीच्या वेळी. व्हेस्टिब्युलर रिहॅबिलिटेशन, म्हणजे तोल सावरण्याचे व्यायाम, जाणणारा फिजिओथेरपिस्ट मिळाला तर उत्तम. डॉक्टर एसएसआरआय गटातलं (एरवी नैराश्य-चिंतेवर देतात ते) औषध कमी मात्रेत सुचवतील, तर ‘मनाची गोळी’ म्हणून नाकारू नका. फरक आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजा. मधे एखादा दिवस वाईट जाईल. त्या दिवशी व्यायाम कमी करा, बंद करू नका.

प्रश्न : बाबा ७२ वर्षांचे. रात्री लघवीला उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपी आणि प्रोस्टेटच्या गोळ्या चालू आहेत. – सोलापूर

उत्तर : ही गरगर नव्हे, भोवळ आहे. बीपी पाच मिनिटं आडवं झाल्यावर मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तिन्ही नोंदी डॉक्टरांना दाखवा. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही उभं राहिल्यावर बीपी उतरतं. गोळी स्वतःहून बंद करू नका. तोवर त्यांना कॉटच्या कडेला दोन मिनिटं बसू द्या, पाऊल वर-खाली वीसदा हलवू द्या. वाटेवर दिवा ठेवा आणि लघवी बसून करायला सांगा. पडून डोक्याला लागलं आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते अगदी ठीक दिसत असले तरी त्याच रात्री दवाखान्यात न्या.