काकींची रात्र पावणेतीनलाच संपत होती

"रात्री तीनला जाग येते ती येतेच. मग उजाडेपर्यंत डोक्यात नको नको ते. माझं डोकं बिघडत चाललंय का हो?"

गोव्यात फोंड्याला माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न घेऊन येणारे पुष्कळ असतात, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. त्यांतल्या एका काकींची गोष्ट त्यांची परवानगी घेऊन, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

काकी जुलैच्या भर पावसात सुनेबरोबर आल्या. वय चौपन्न. दीड वर्षापूर्वी यजमान गेले. नैराश्यावर मानसोपचारतज्ज्ञांची गोळी सहा महिने चालू होती. रडणं थांबलं होतं, जेवण सुधारलं होतं, पण जागरण तसंच. घरच्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला होता. त्याने त्यांना धीर आला होता, त्यामुळे त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. शेजारीण स्वतःची झोपेची गोळी देत होती, ती मात्र घेऊ नका म्हणून मी निक्षून सांगितलं. त्या गोळ्यांची सवय लागते, आणि रात्री उठताना तोल जाऊन पडलं तर नवंच दुखणं.

"मन बरं झालं की झोप आपसूक येईल, असं सगळे म्हणतात," काकी म्हणाल्या. आम्हीही एकेकाळी तसंच शिकलो. झोप बिघडणं हे नुसतं लक्षण, मूळ आजार बरा करा. आता तसं मानत नाहीत. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या निदान-पुस्तिकेत 'मुख्य' आणि 'दुय्यम' निद्रानाश हा भेदच काढून टाकला. मन सावरल्यावरही झोप विस्कटलेलीच राहिली, तर नैराश्य परतण्याची शक्यता वाढते. म्हणून झोपेवर वेगळं काम करावं लागतं.

मी काकींना पंधरा दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. त्यांनी कालनिर्णयच्या जुन्या पानांच्या मागे, जिथे कोरी जागा सापडली तिथे, सुबक अक्षरात लिहून आणलं. अंथरुणावर सव्वाआठला. झोप पावणेनऊच्या सुमारास. जाग पावणेतीनला. पाचपर्यंत तळमळ. दुपारी जेवण झाल्यावर खिडक्या लावून दीड तास.

आम्ही दोघींनी मिळून बेरीज केली. रात्रीचे सहा तास, दुपारचा दीड. साडेसात तास झोप! काकी कागदाकडे बघत राहिल्या. त्यांची झोप कमी नव्हती. रात्र पावणेतीनला संपत होती, कारण ती पावणेनऊला सुरू होत होती.

मग मी विचारलं, "सव्वाआठलाच का आडव्या होता?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. यजमानांचं बाजारात दुकान. ते बंद करून साडेआठला घरी येत, मग दोघं एकत्र जेवत, बातम्या बघत, अकरापर्यंत गप्पा. बत्तीस वर्षं. "ती साडेआठची वेळ आली की मला घरात बसवत नाही. झोपलं की सुटका."

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. तेच आपलं मुख्य घड्याळ. माणसाचं हे घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं आणि रोज उजेडाने जुळवून घेतं. पण आपला दिवस माणसांनीही बांधलेला असतो: कोण कधी घरी येतं, कुणाबरोबर जेवतो. १९८८ साली सिंडी एहलर्स, एलन फ्रँक आणि डेव्हिड कुप्फर या संशोधकांनी मांडलं होतं की जोडीदार गेला की ही रोजची खूणगाठ सुटते, त्याने शरीराची लय ढळते आणि ज्यांचा कल तसा असतो त्यांच्यात नैराश्य मूळ धरतं. ते वाचलेलं मला पाठ होतं. समोर बसलेल्या काकींमुळे ते कळलं.

त्या वेळचे विचार इतके काळे का असतात, हेही त्यांना समजून हवं होतं. पहाटेआधीच्या तासांत शरीराचं तापमान आणि मेंदूची तरतरी दिवसातली सर्वांत कमी असते. बोलायला कुणी नाही, हाताला काम नाही. त्या वेळी जे खरं वाटतं, त्यावर निकाल द्यायचा नाही.

आता उपाय. इंटरनेटवर सगळीकडे सकाळच्या कोवळ्या उन्हाचा सल्ला दिसतो. तो सरसकट सगळ्यांना लागू नाही. ज्याला रात्री दोनपर्यंत झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही, त्याला सकाळचा उजेड हवा. काकींचं घड्याळ उलट पुढे पळालेलं. त्यांना हवा होता संध्याकाळचा. जुलैत गोव्यात सातपर्यंत उजेड असतो, आणि ढगाळ आभाळाखालीही बाहेर घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट प्रकाश. पाऊस थांबला की अंगणात, नाहीतर सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या, कडेला, रोज पाऊण तास. दिवाणखान्यातले दिवे साडेनऊपर्यंत पूर्ण चालू. झोपायची वेळ दर चार-पाच दिवसांनी अर्धा तास पुढे, अकरापर्यंत. उठायची वेळ मात्र ठरलेली: पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों वाजला की, म्हणजे साडेपाचला. दुपारची झोप बंद. जाग आलीच तर घड्याळ बघायचं नाही; तळमळ सुरू झाली की उठून मंद दिव्यात फुलवाती वळायच्या, डोळे जड झाले की परत अंथरुणावर.

दुसरा आठवडा वाईट गेला. काकी चिडल्या, डोकं दुखायचं, एक दिवस सोप्यावरच पेंगल्या. "तुम्ही माझी होती ती झोपही काढून घेतलीत," असं फोनवर म्हणाल्या. मला वाईट वाटलं, पण थांबायला सांगावंसं वाटलं नाही. पुढचा टप्पा आठवडाभर लांबवला, एवढंच.

इथे एक गोष्ट काळजीने सांगते. ज्यांना कधी उन्मादाचा झटका येऊन गेलाय, किंवा जे तीन तास झोपूनही थकत नाहीत, भरभर बोलतात, एकदम दहा बेत आखतात, त्यांनी झोपेचे तास स्वतःच्या मनाने मुळीच कमी करू नयेत. अपुऱ्या झोपेने उन्माद उसळतो. घोरताना श्वास अडकत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. गोळ्या चालू असतील तर त्यांना हात लावू नका. काकींच्या गोळीचं सगळं त्यांच्या डॉक्टरांनीच पाहिलं, आणि झोपेच्या बदलांची प्रत्येक पायरी त्यांना कळवूनच घेतली. रात्री जीव नकोसा वाटला तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

साडेआठची वेळ भरायला मी काही सुचवलं नव्हतं. ते सुनेने केलं. ती एका औषध कंपनीत कुंडईला कामाला, घरी यायला सात वाजतात. आल्याबरोबर एकटीच जेवून घ्यायची. आता ती थांबू लागली. पहिल्या दिवशी दोघींना घास उतरला नाही, असं नोंदीच्या पानावर आहे.

गणेशचवथीच्या सुमारास काकी सव्वाचार-साडेचारपर्यंत झोपत होत्या, दिवाळीत पाचपर्यंत. अजूनही महिन्यात दोन-तीन रात्री तीनला जाग येते. त्या रात्रींच्या वाती वेगळ्या डब्यात ठेवल्यात. कार्तिकात तो डबा त्यांनी देवळात नेऊन दिला, आणि येताना सुनेला म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी वाती विकतच आणाव्या लागतील वाटतं."