छोट्या संचात ‘ल सिद’ बसवताना

फ्रेंच नाटककार कोर्नेयचं ‘ल सिद’ हे पद्यनाटक मूळ फ्रेंचमध्ये करायला हातात घेतलंयस, तर पहिलं सांगतो: नेपथ्यावर पैसे घालू नकोस. 1637 मध्ये पॅरिसच्या मारे नाट्यगृहात ते गाजलं तेव्हा गर्दीमुळे प्रेक्षक रंगमंचावरच बसत होते, तरी नाटक उभं राहिलं. मूरांशी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम सैन्याशी, झालेली लढाईसुद्धा दाखवायची नसते. चौथ्या अंकात नायक रॉद्रिग ती राजाला सांगतो.

म्हणून तालमीचा सगळा जोर वाचिकावर, म्हणजे संवाद बोलण्यावर, दे. बारा अक्षरांची ओळ, सहाव्यानंतर यती, म्हणजे ओळीतला विराम. नवे नट प्रत्येक यतीवर थांबतात आणि पाढे म्हटल्यासारखं होतं. श्वास अर्थ संपेल तिथे घ्यायचा, यती नुसती जाणवू द्यायची. रोजच्या फ्रेंचमध्ये गिळला जाणारा शेवटचा ‘ए’ पुढे व्यंजन आलं की इथे उच्चारायचाच, नाहीतर ओळ लंगडते. आठवडाभर नुसतं बसून वाचन करा, हालचाली नंतर.

माणसं कमी म्हणून इन्फांताला, म्हणजे राजकन्येला, कापशील. पूर्वी अनेकांनी कापलंय. मला ते अजिबात पटत नाही: रॉद्रिगवर प्रेम असूनही कुळापायी त्याला त्याच्या प्रेयसीच्या, शिमेनच्या, हवाली करणारी ती एकटीच आहे. त्यापेक्षा दरबारी मंडळींचे संवाद एकाच नटाकडे दे.

शिमेनचा बाप रॉद्रिगच्या बापाला मारतो ती थप्पड मात्र खरी वाटलीच पाहिजे. पुढचं सगळं तिच्यातून निघतं. आणि शेवटी राजा लग्नासाठी वर्षभराची मुदत देतो, तेव्हा शिमेनला हसवू नकोस. तिच्या बापाला ठार मारणारा रॉद्रिग समोर उभा आहे आणि तिने अजून होकार दिलेला नाही.