वाचकांचे प्रश्न : परीक्षा बदलली की शिकवणे बदलते का?

दुसऱ्या भाषेच्या परीक्षांचे अभ्यासक चार्ल्स ऑल्डरसन (1946–2020) यांच्या संशोधनाविषयी वाचकांनी विचारलेल्या तीन प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. ऑल्डरसन इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात प्राध्यापक होते.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला इंग्रजी शिकवते. मुले लेखी परीक्षेत बरे गुण मिळवतात, पण त्यांना चार वाक्ये बोलता येत नाहीत. तोंडी परीक्षेचे गुण वाढवले की वर्गातले शिकवणे आपोआप बदलेल, असे आमच्या बैठकांमध्ये नेहमी म्हटले जाते. या संशोधनातून त्याला पुष्टी मिळते का?

उत्तर : मिळते, पण निम्मीच. परीक्षेचा अध्यापनावर परिणाम होतो हे सगळेच गृहीत धरतात. मात्र तो वर्गात बसून कोणी पाहिला आहे का, असा प्रश्न ऑल्डरसन आणि त्यांच्या सहकारी डायॅन वॉल यांनी 1993 मध्ये उपस्थित केला. सरसकट केल्या जाणाऱ्या या एका विधानाची त्यांनी पंधरा वेगवेगळी गृहीतके करून दाखवली. परीक्षेमुळे काय शिकवले जाते ते बदलणे ही एक गोष्ट आहे आणि कसे शिकवले जाते ते बदलणे ही दुसरी. परिणाम सगळ्या शिक्षकांवर होणे आणि काहींवरच होणे, यांतही फरक आहे. तुमच्या बैठकांमध्ये नेमकी हीच सरमिसळ होत असावी.

त्याच वर्षी या दोघांचा श्रीलंकेतील अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील ऑर्डिनरी लेव्हल परीक्षेत, म्हणजे साधारण आपल्या दहावीसारख्या टप्प्यावर, 1988 मध्ये इंग्रजीची नवी परीक्षा आणि तिच्याशी जुळणारी नवी पाठ्यपुस्तके आली होती. मुलांनी इंग्रजी प्रत्यक्ष उपयोगासाठी वाचावी आणि लिहावी, हा त्यामागचा हेतू होता. स्थानिक शिक्षक निरीक्षक म्हणून वेगवेगळ्या शाळांच्या वर्गांत बसले आणि हे काम दोन वर्षे चालले. शिकवण्याचा आशय परीक्षेकडे झुकला असल्याचे त्यांना दिसले. परीक्षा जवळ आली की पाठ्यपुस्तक बाजूला पडे आणि जुन्या प्रश्नपत्रिका व बाजारातील सराव पुस्तके बाहेर येत. शिकवण्याची पद्धत मात्र नव्या परीक्षेमुळे बदलल्याचे आढळले नाही. पाठ्यपुस्तकामागचा विचार अनेक शिक्षकांपर्यंत पोहोचलाच नव्हता आणि पुरेसे प्रशिक्षणही मिळाले नव्हते. याचा दोष मी शिक्षकांना देणार नाही. जे कोणी दाखवलेच नाही, ते प्रश्नपत्रिका पाहून उमगावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

पुढे 1996 मध्ये ऑल्डरसन आणि लिझ हॅम्प-लायन्स यांनी टोफेल या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या तयारीचे अमेरिकेतील वर्ग पाहिले. तेच शिक्षक टोफेलच्या वर्गात कसे शिकवतात आणि इंग्रजीच्या इतर वर्गांत कसे शिकवतात, याची त्यांनी तुलना केली. फरक दिसला, पण तो प्रत्येक शिक्षकागणिक वेगळा होता.

तेव्हा गुण जरूर वाढवावेत, परंतु सोबत तीन गोष्टींचा आग्रह धरावा, असे मी सुचवेन. शिक्षकांना बोलण्याचे वर्ग कसे घ्यायचे याचे प्रशिक्षण मिळावे. गुणदानाचा सराव करता यावा म्हणून मुलांच्या बोलण्याची नमुना ध्वनिमुद्रणे उपलब्ध असावीत. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : विषय आधी जाहीर करून भागत नाही. ‘माझा आवडता छंद’ हा विषय ठरलेला असला, तर अख्खा वर्ग गाईडमधला एकच परिच्छेद पाठ करून येतो आणि तो म्हणून दाखवल्याबद्दल पूर्ण गुण घेतो. क्रिकेट हा छंद सांगणाऱ्या मुलाला “काल खेळलास का? मग कोण जिंकले?” एवढे दोन प्रश्न इंग्रजीत विचारले, तरी त्याला पाठांतर सोडून बोलावे लागते आणि मूल्यमापन खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.

प्रश्न : मी मुंबईतील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. 2020 च्या कायद्यामुळे मराठी अनिवार्य झाल्यापासून घरी मराठी न बोलणारी पुष्कळ मुले वर्गात असतात. उताऱ्यातील ठरावीक अंतरावरचे शब्द गाळून ते भरायला देण्याची चाचणी त्यांचे वाचन तपासायला पुरेशी आहे का?

उत्तर : या चाचणीला क्लोझ म्हणतात. विल्सन टेलर यांनी 1953 मध्ये ती मांडली, ती उतारे किती सुबोध आहेत हे मोजण्यासाठी. भाषेची परीक्षा म्हणून तिचा वापर नंतर वाढला. ऑल्डरसन यांनी 1970 च्या दशकात तिचा कसून अभ्यास केला. दर सहावा शब्द गाळायचा की आठवा, दहावा किंवा बारावा, एवढ्या बदलानेही चाचणी काय मोजते ते बदलू शकते, असे त्यांना आढळले.

हे मराठीतही पडताळता येईल. ‘पाऊस थांबला तरी नदीचे पाणी ओसरले नव्हते, म्हणून मुले शाळेत गेली नाहीत’ हे वाक्य घ्या. ‘नदीचे’ गाळला तर मूल ‘ओढ्याचे’ किंवा ‘रस्त्यावरचे’ लिहील आणि ते चूक म्हणता येणार नाही. ‘नव्हते’ गाळला तर व्याकरण आणि थोडा अर्थ तपासला जाईल. ‘तरी’ गाळला तरच दोन घटनांमधला विरोध मुलाला कळला की नाही, हे समजेल. म्हणून शब्द मोजून गाळू नका. काय तपासायचे ते आधी ठरवा, त्यानुसार शब्द निवडा आणि अर्थाला धरून असलेले पर्यायी उत्तर ग्राह्य धरा. एवढ्यावर न थांबता, उतारा वाचून मुलाने स्वतःच्या शब्दांत उत्तर द्यावे असे दोन प्रश्नही ठेवा.

प्रश्न : भाषेच्या परीक्षेच्या दर्जाची एवढी चिकित्सा कशासाठी? थोडे गुण इकडे-तिकडे झाले तर काय बिघडते?

उत्तर : शाळेबाहेर पाहिले की उत्तर मिळते. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन 349 माणसे मृत्युमुखी पडली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आले होते आणि त्या कर्मचाऱ्यांचे तोकडे इंग्रजी हाही चौकशीतील एक मुद्दा होता. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी भाषेवरील प्रभुत्व मोजणारी सहा पातळ्यांची मोजपट्टी आणून किमान चौथी पातळी आवश्यक केली. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद या सहा अंगांपैकी ज्यात माणूस सर्वांत कच्चा असेल, तीच त्याची पातळी ठरते.

नियम चोख होता. मात्र तो राबवणाऱ्या परीक्षांची ऑल्डरसन यांनी पाहणी केली, तेव्हा त्यांतील कित्येकींच्या विश्वासार्हतेचा पुरेसा पुरावाच मिळेना. अशा परीक्षांवर फारसा भरवसा ठेवता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी 2009 मध्ये मांडला. परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे असा पुरावा मागण्याचा हक्क परीक्षार्थीलाही आहे आणि त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर विमानात बसणाऱ्यालाही.