वेढा, कुदळ आणि चाळीस डुकरं : वाचकांची प्रश्नोत्तरे

किल्ले घ्यायच्या जुन्या साधनांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. बहुतेकांना यंत्रांत रस आहे, मला कुदळीत. तो कल उत्तरांतही दिसेल.

प्रश्न : धोंडे फेकणारं ते मोठं लाकडी यंत्र, ट्रेबुशे, चालायचं कसं? आणि त्याने तट खरोखर पडायचा का?

कोकणात विहिरीवरची लाट पाहिली असेल तर निम्मं उत्तर तुम्हाला माहीतच आहे. दांड्याच्या आखूड टोकाला माती, दगड किंवा शिसं भरलेली पेटी आणि लांब टोकाला दोराची गोफण. लांब टोक खाली ओढून अडकवायचं, गोफणीत धोंडा ठेवायचा आणि खीळ काढायची. पेटी खाली कोसळते, दांडा उसळतो आणि वर गोफण स्वतःचा एक हिसका देते. दांड्याच्या टोकावर लोखंडी आकडा असतो. त्याचा बाक जरासा बदलला की गोफणीची कडी लवकर किंवा उशिरा निसटते आणि धोंडा पुढे-मागे पडतो. त्यामुळे तटाच्या एकाच जागी मारा करत राहता येई. माणसांनी दोर ओढून चालवायची यंत्रं चीनमध्ये फार आधीपासून होती. वजनाच्या पेटीचं यंत्र भूमध्य समुद्राभोवती बाराव्या शतकात पुढे आलं.

धाक मोठा होता, यात शंका नाही. १३०४ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगला वेढा घालून बसला होता. पेट्यांसाठी शिसं हवं म्हणून त्याने चर्चच्या छपरांचं शिसं उतरवून घेतलं. 'वॉरवुल्फ' नावाचं अजस्र यंत्र तळावरच बांधायला घेतलं. तोवर किल्ल्यातली शिबंदी शरण यायला तयार झाली, तर राजाच ऐकेना! आधी वॉरवुल्फ चालवून बघायचं, मग शरणागती. एवढा खर्च केल्यावर हौस फिटायला नको?

पण दगडी तट पाडायचा तर खरं काम जमिनीखाली चाले. १२१५ मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाने बंडखोर सरदारांच्या हातातला रॉचेस्टरचा किल्ला वेढला. त्याच्या धोंडेफेक्या यंत्रांचा मारा चालूच होता, पण त्याने काम भागेना. वेढ्याच्या सुरुवातीलाच त्याने कँटरबरीला हुकूम धाडला होता, की रात्रंदिवस खपून होतील तेवढ्या कुदळी करून पाठवा. खणणाऱ्यांनी बालेकिल्ल्याच्या मनोऱ्याच्या आग्नेय कोपऱ्याखाली भुयार नेलं. वरचा भार लाकडी टेकूंवर तोलून धरला. मग २५ नोव्हेंबरला राजाने चाळीस डुकरं मागवली. खायला नकोत, चरबी भरपूर असलेली हवीत, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं आहे. ती चरबी भुयारात पेटवली, टेकू जळाले आणि मनोऱ्याचा अख्खा कोपरा खाली आला. तरीही शिबंदी मनोऱ्याच्या मधल्या भिंतीआड लढत राहिली. शेवटी भुकेने ती ३० नोव्हेंबरला शरण आली, तोवर घोडेसुद्धा खाऊन झाले होते. तो कोपरा पुढे नव्याने बांधला, तोही गोल. बाकीचे तीन चौकोनी आहेत, आजही लांबून ओळखू येतो.

प्रश्न : तटावरून उकळतं तेल ओतायचे, हे खरं की सिनेमावाल्यांची करामत?

घडलेलं आहे, पण सिनेमात दिसतं तितकं सर्रास नाही. तेल महाग, आणि वेढ्यात ते खायलाही लागतं. गरम पाणी, दगड, तापवलेली वाळू हे जास्त परवडणारं. इ.स.पू. ३३२ मध्ये टायर या बंदराच्या शहरातल्या लोकांनी वेढा घालणाऱ्या सिकंदराच्या सैनिकांवर तापलेली वाळू टाकली. ती चिलखताच्या आत शिरली की चिलखत काढल्याशिवाय सुटका नाही.

तेलाचा पक्का दाखला इ.स. ६७ मधल्या गॅलिलीतल्या योतापाताचा आहे. ज्यूंनी रोमविरुद्ध बंड केलं होतं. समोर रोमन सेनापती व्हेस्पाशियन होता आणि आतला ज्यू सेनानी योसेफस. या योसेफसनेच पुढे युद्धाचा इतिहास लिहिला. स्वतःची तारीफ करायची एकही संधी तो सोडत नाही, तेवढं धरून वाचायचं. तो म्हणतो, रोमनांवर उकळतं तेल ओतलं, आणि त्यांनी चढायला टाकलेल्या फळ्यांवर उकडलेली मेथी ओतली. मेथी उकळली की किती बुळबुळीत होते, हे स्वयंपाकघरातल्या कुणालाही विचारा. सैनिक घसरून एकमेकांवर पडले. गाव मात्र ४७ दिवसांनी पडलंच.

प्रश्न : सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर अशी यंत्रं का दिसत नाहीत?

काळ आणि कातळ, दोन्ही आडवे येतात. उत्तरेत अल्लाउद्दीन खिलजीने १३०१ मध्ये रणथंभोरवर धोंडेफेकी यंत्रं वापरली. मात्र आपल्याकडच्या ज्या वेढ्यांच्या गोष्टी आपण सांगतो ते सतराव्या शतकातले, आणि तोवर तोफा आल्या होत्या. शिवाय इथे तट म्हणजे निम्मा कडाच. कड्याला धोंडा मारून काय साधणार? आणि काळ्या कातळात भुयार खणायचं तर पिढी जायची.

म्हणून फरक बघा. चाकण भुईकोट, खंदकाचा किल्ला. १६६० मध्ये शायिस्ताखानाने सुमारे दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर सुरुंग लावून बुरूज उडवला, तेव्हा कुठे फिरंगोजी नरसाळ्यांकडून तो मिळाला. पुरंदरला १६६५ मध्ये मिर्झाराजांच्या फौजेने आधी शेजारचा वज्रगड घेतला. तोफा चढणीवरून ओढत न्याव्या लागल्या, त्यात दिवसच्या दिवस गेले. बुरुजाच्या तोडीची उंची मिळावी म्हणून लाकडी दमदमे, म्हणजे मारा करायला उंच मचाणं, उभारले. युरोपात चाकांवरून तटापर्यंत ढकलत नेत त्या लाकडी मनोऱ्याची जागा आपल्याकडे या दमदम्याने घेतली म्हणायला हरकत नाही. फक्त त्याला चाकं नव्हती, कारण आमच्या डोंगरावर ती फिरणार कुठे!

प्रश्न : यंत्रातून प्लेगची प्रेतं फेकल्याने युरोपात साथ पसरली ना?

ही गोष्ट क्रिमियातल्या काफा शहराच्या वेढ्याची, १३४६ च्या सुमाराची. लिहून ठेवणारा इटालियन नोटरी स्वतः तिथे नव्हता. प्रेतं फेकली असतीलही, पण उंदीर आणि जहाजं असताना प्लेगला त्या मदतीची गरज नव्हती.

प्रश्न : शिडी किती उंच करायची, हे शत्रूच्या तटाजवळ न जाता कसं ठरवत?

यंत्रांच्या गर्दीत शिडीबद्दल विचारलंत, बरं वाटलं. पोलिबियस या ग्रीक इतिहासकाराने हिशेब दिला आहे : तट दहा माप उंच असेल तर शिडी बारा माप हवी. फार लांब झाली तर टोक तटाच्या वर डोकावतं आणि वरचे ते ढकलून देतात. आखूड झाली तर काय होतं ते सांगायला नको.

उंची मोजायची सगळ्यात साधी पद्धत ग्रीसमधल्या प्लातिया गावच्या लोकांची. स्पार्टा आणि थीब्ज यांच्या फौजांनी त्यांच्या गावाभोवती विटांची भिंत घालून त्यांना कोंडलं होतं. त्या भिंतीचा एक भाग गिलावा न केलेला होता. तिथल्या विटांचे थर अनेक जणांनी एकाच वेळी, पुन्हापुन्हा मोजले. एखाद-दुसरा चुकला तरी बहुतेकांचा आकडा जुळेल हा हिशेब. एका विटेच्या जाडीवरून उंची काढली आणि तेवढ्या शिड्या केल्या. इ.स.पू. ४२८ च्या हिवाळ्यात, वादळी रात्री ते निघाले. चिखलात घसरू नये म्हणून प्रत्येकाच्या फक्त डाव्या पायात पादत्राण होतं. २१२ जण अथेन्सला पोहोचले.