ग्रेज अ‍ॅनाटॉमीची चित्रं काढणारा कार्टर खरंच मुंबईत शिकवायचा का?

हो, दंतकथा वगैरे नाही, कार्टर मुंबईत शिकवायचा असं तुमच्या सरांनी सांगितलं ते खरंय. हेन्री व्हँडाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी (शरीराची रचना आणि तिचं काम) शिकवायला लागला, आणि गंमत म्हणजे ग्रेज अ‍ॅनाटॉमी, म्हणजे शरीररचनेचं ते प्रसिद्ध पाठ्यपुस्तक, लंडनमध्ये बाजारात आलं तेव्हा हा इकडे पोचलेलाही होता.

बाप चित्रकार, त्यामुळे हात घरातूनच तयार. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये पुस्तकाचा लेखक हेन्री ग्रे आणि हा, दोघं विशीतलेच, मिळून डिसेक्शन (शवविच्छेदन) करायचे, मजकूर ग्रेचा आणि चित्रं कार्टरची, साडेतीनशेच्या वर. चित्रं लाकडी ठोकळ्यांवर काढायची असायची, म्हणजे छापल्यावर सरळ दिसावं म्हणून सगळं उलटं! आणि खरी करामत म्हणजे त्याने नावं बाजूला अ, ब, क करून खाली यादीत न देता थेट त्या स्नायूवर, त्या शिरेवर लिहिली. हा शिकवणाऱ्या माणसाचा विचार आहे, ज्याने पोरांना डिसेक्शन हॉलमध्ये पान आणि बॉडी यांच्यामध्ये मान फिरवताना बघितलंय त्यालाच हे सुचणार.

पैशाचं म्हणाल तर ग्रेला दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड, कार्टरला एकदाच दीडशे आणि विषय संपला. वर टायटल पेजच्या प्रूफवर (छपाईआधीच्या तपासणी प्रतीवर) ग्रेने कार्टरचं नाव बारीक टायपात करायला सांगितलं. ग्रे हुशार होता यात वाद नाही, पंचविसाव्या वर्षी रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या नामांकित विज्ञान संस्थेचा फेलो, पण हे काही शोभलं नाही त्याला. बिचारा १८६१ मध्ये देवीने गेला, पुतण्याची सेवा करताना लागण झाली, वय चौतिसच्या आसपास.

पण माझ्या मते कार्टरचं मोठं काम पुस्तकानंतरचं आणि ते आपल्याकडचं, त्याबद्दल कुणी विचारत नाही. मदुरा फूट माहितीये ना, अनवाणी शेतात राबणाऱ्याचा पाय सुजतो, छिद्रं पडतात आणि त्यातून पू आणि खसखशीएवढे काळे दाणे येतात? ते दाणे म्हणजे बुरशी आहे हे त्याने मायक्रोस्कोपखाली बघून मांडलं आणि मायसेटोमा हे नावही त्याचंच. मधली काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. कुष्ठरोगाचा अभ्यास करायला नॉर्वेपर्यंत जाऊन आला. १८७७ च्या दुष्काळात दख्खनमधून उपाशी माणसं मुंबईत यायला लागली, तापाची साथ पसरली, तेव्हा याने रुग्णांच्या रक्तात रिलॅप्सिंग फीव्हरचे (उतरून पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या तापाचे) स्पायरल, म्हणजे मळसूत्रासारखे जंतू दाखवले आणि नंतर माकडांना तो ताप देऊनही दाखवला. शेवटी ग्रँटचा प्रिन्सिपॉलही झाला, १८८८ ला रिटायर होऊन इंग्लंडला परतला, १८९७ मध्ये वारला.

चित्रं बघायची असतील तर लायब्ररीतली आत्ताची जाडजूड रंगीत आवृत्ती उघडू नका, १८५८ ची पहिली आवृत्ती कॉपीराइटमधून केव्हाच सुटलीये, स्कॅन नेटवर फुकट आहे. आधी हातापायाच्या स्नायूंची पानं काढा आणि झूम करून अक्षरं बघा, स्नायूच्या धाग्यांच्या दिशेनेच वळवलेली दिसतील.