उत्तर: शगी ओटिसची रेकॉर्ड कस्टम्समध्ये अडकली आहे

‘पार्सल थांबवलं आहे, माल वापरलेला आहे का ते कळवा’ ही तुम्हाला आलेली मेल वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. माझंही पार्सल अमेरिकन गायक-गिटारवादक शगी ओटिसच्या याच ‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन’ अल्बमचं होतं. केवायसी, बिल, पैसे भरल्याचा पुरावा हे तुम्ही दिलंच असेल, ते सोडून देतो.

खरी गोम बिलावरच्या वर्णनात असते. माझ्या बिलावर ‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन (1974)’ एवढंच होतं. दुकानदाराचं चुकलं असं नाही, मूळ साल लिहायची पद्धतच आहे. पण तपासणाऱ्याने 1974 बघितलं आणि माल जुना ठरवून टाकला. वापरलेल्या मालाच्या आयातीचे नियम वेगळे, म्हणजे बसा बोंबलत. रीइश्यूच्या, म्हणजे नव्याने छापलेल्या आवृत्तीच्या, स्टिकरचा फोटो पाठवला, दुकानाच्या पानाची प्रत पाठवली. उत्तरादाखल तोच छापील मजकूर पुन्हा. फोनवर एक साहेब म्हणाले, “अहो, पन्नास वर्षांपूर्वीचा माल नवा कसा असेल?” उद्या कोणी ज्ञानेश्वरी मागवली तर काय करतील देव जाणे!

तोवर एप्रिल-मेचा उन्हाळा गोदामात गेला. हातात आली ती रेकॉर्ड बशीसारखी वाकलेली. कड उचलली की पहिला फटका बाहेरच्या खाचांना, म्हणजे नेमका शीर्षकगीताला. सुई वरखाली झुलायची आणि सूर लडबडायचे. भरपाई मागितली तर ‘खोका शाबूत आहे’ म्हणून अर्ज परत. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

म्हणून दुकानदाराकडून आजच सुधारित बिल मागवा. त्यावर ‘नवी, सीलबंद, अमुक सालची रीइश्यू’ असं स्पष्ट हवं आणि शक्य असल्यास 85238010 हा ग्रामोफोन रेकॉर्डचा कस्टम्स कोडही. जॅकेटची, म्हणजे पुठ्ठ्याच्या वेष्टनाची, शिवण प्रवासात फाटू नये म्हणून सील फोडून रेकॉर्ड बाहेर ठेवायला सांगा, असा सल्ला सगळे देतात. मी नाही देणार. सील फुटलं की नवेपणाचा पुरावाच गेला. शिवण फाटली तरी गाणी वाजतात. ‘गिफ्ट’ लिहून घ्यायच्या भानगडीत पडू नका, भेटीवर ड्यूटी न लागण्याची ती सवलत 2019 च्या डिसेंबरात राखीसारखे अपवाद सोडून बंद झाली. ड्यूटी टपालखर्च धरून लागते, तेव्हा एका रेकॉर्डसाठी जीव काढण्यापेक्षा तीन-चार एकदम मागवा. मी कस्टम एजंट नाही, नियम बदलतात, एकदा खात्री करून घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ‘स्ट्रॉबेरी लेटर 23’ हे गाणं या अल्बमवर आहे का. मूळ अल्बमवर ते नाहीच. ते शगीच्याच 1971 च्या ‘फ्रीडम फ्लाइट’ अल्बमवरचं. 1977 मध्ये ब्रदर्स जॉन्सन या जोडीने निर्माता क्विन्सी जोन्सच्या हाताखाली ते गाजवलं, आणि बहुतेक जण त्या वाटेनेच शगीपर्यंत येतात, मीही तसाच आलो. लुआका बॉप या रेकॉर्ड कंपनीने 2001 मध्ये रीइश्यू काढताना ‘फ्रीडम फ्लाइट’मधली चार गाणी मागे जोडली, म्हणून गोंधळ होतो. मुखपृष्ठही बदललं, ते मला अजून पटलेलं नाही. 2013 च्या दोन सीडींच्या संचात ‘विंग्ज ऑफ लव्ह’ नावाचं नंतरचं, तोवर न निघालेलं काम आहे. स्पष्ट बोलायचं तर ते एकदा ऐकून ठेवून देण्यासारखं आहे. राग मानू नका.

मूळ नऊ गाणी मात्र सलग ऐका. विशीतल्या पोराने बहुतेक वाद्यं एकट्याने वाजवली आहेत. ‘आट उह मी हेड’मध्ये तालाला ऱ्हिदम बॉक्स आहे, आणि त्या यंत्राच्या कोरड्या टकटकीवर ऑर्गन कसा सैल सोडलाय ते बघा. उत्तरार्धात शब्द जवळपास संपतात, तिथे कंटाळून उठू नका. तेव्हाच्या रेकॉर्ड कंपनीने पुढे त्याला सोडून दिलं, आणि नवा अल्बम यायला कित्येक वर्षं गेली.

सुधारित बिल पाठवल्यावरही ‘जुना माल’ हेच चालू राहिलं तर फोन करत बसू नका. कारण लेखी मागा. माझ्या ओळखीत दोघांचं पार्सल तेवढ्यावर सुटलं आहे.