पॅकिंगचं पातळ प्लास्टिक वेगळं करून देण्यात अर्थ आहे का, की जाळलेलं बरं?

जाळू मात्र नका. उघड्यावरच्या आगीत प्लास्टिक अर्धवट जळतं, काजळी आणि विषारी वायू थेट आसपासच्यांच्या छातीत जातात. त्यात पीव्हीसीचा (पाइपांत वापरतात त्या क्लोरीनयुक्त प्लास्टिकचा) तुकडा असला तर डायॉक्सिन ही अतिशय विषारी रसायनंही तयार होतात.

वेगळं करून दिलं तरी शेवटी कचऱ्यातच जातं, असं तुम्ही ऐकलंय. ते बरंचसं खरं आहे. २०१५ पर्यंत जगात जमा झालेल्या सगळ्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला होता, आणि पातळ फिल्म हा त्यातला सर्वांत अवघड माल. मी जुनं प्लास्टिक वितळवून त्याचा दाणा, म्हणजे नव्या वस्तू बनवायचा कच्चा माल, काढणाऱ्या कारखान्यात काम करतो. मिश्र कचरा आला की फिल्म वर्गीकरणाच्या यंत्राच्या फिरत्या दांड्यांना गुंडाळत जाते. मग यंत्र बंद करायचं आणि सुरीने ती कापून काढत बसायचं.

पण फिल्म म्हणजे एकच वस्तू नव्हे. मोठ्या मालावर गुंडाळलेली पारदर्शक, ताणली जाणारी फिल्म बहुतेक निव्वळ पॉलिथिलीन असते. ती स्वच्छ आणि कोरडी आली तर तिचा उत्तम दाणा निघतो आणि त्यातून पुन्हा पिशव्या, पाइप होतात. खाऊच्या चकचकीत पाकिटाची गोष्ट वेगळी. त्यात पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम आणि पॉलिथिलीन असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. पॉलिथिलीन ११०-१२० अंशांना वितळतं, पॉलिएस्टरला २५० च्या आसपास उष्णता लागते. एकत्र वितळवावं तर दाण्यात न वितळलेले कण राहतात आणि वितळलेलं प्लास्टिक गाळायची जाळी तुंबते. थर सुटे करण्याचं तंत्र आहे, पण ते महाग पडतं. म्हणून मला मनापासून वाटतं की याची जबाबदारी आधी पाकीट बनवणाऱ्यांची आहे. एकाच प्लास्टिकचं पाकीट बऱ्याच मालाला चालतं.

घरी ओळखायला सोपं आहे: बोटांनी ओढून बघा. चिवटपणे ताणलं गेलं तर बहुधा पॉलिथिलीन. पुसून, कोरडं करून, कागदी लेबल काढून वेगळं ठेवा. कडकड वाजून फाटलं किंवा आतून चंदेरी दिसलं तर ते या गठ्ठ्यात नको.

'आपोआप नष्ट होणारी' असं लिहिलेली पिशवीही त्यात घालू नका. यातल्या ऑक्सो प्रकारच्या, म्हणजे लवकर तुटावी म्हणून रसायन मिसळलेल्या, पिशवीचे उन्हात फक्त लवकर तुकडे पडतात आणि ते मातीत-पाण्यात तसेच राहतात. युरोपीय संघाने २०२१ पासून असल्या मालावर बंदी घातली आहे, आणि आमच्या दाण्यात ती मिसळली तर त्यापासून बनलेला पाइपही लवकर ठिसूळ होतो.